रूपक आणि चौकट : एक ओळखू येते, दुसरी निसटते

निवडणूक जवळ आली की कोल्हापुरात उमेदवार शड्डू ठोकतात, कोणी धोबीपछाड देतो, कोणी चितपट होतो. दोन पक्षांचे आतून जमल्याचा संशय आला तर ती नुरा कुस्ती ठरते, आणि मुरलेल्या नेत्याने अनपेक्षित खेळी केली की वस्तादाने एक डाव राखून ठेवला होता, असे लोक म्हणतात. अशा भाषेची चर्चा करताना ‘रूपक’ आणि ‘चौकट’ हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. विचाराला वळण दोन्ही देतात, पण ते देण्याची रीत निराळी आहे.

रूपकात एका क्षेत्राची रचना दुसऱ्या क्षेत्रावर बसवली जाते. शाळेत आपण रूपक शिकतो ते कवितेचा अलंकार म्हणून. ते रोजच्या विचाराचाच भाग आहे, ही मांडणी भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ आणि तत्त्वज्ञ मार्क जॉन्सन यांनी 1980 मध्ये केली. वादविवादाकडे आपण लढाई म्हणून पाहतो, म्हणूनच समोरच्याला कोंडीत पकडतो किंवा माघार घेतो, हे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. निवडणूक म्हणजे कुस्ती असे एकदा धरले की मैदानातले बरेच काही आपोआप सोबत येते : दोनच मल्ल, निकाल एकाच्याच बाजूने आणि मतदार गॅलरीत. काही गोष्टी मात्र मैदानातच राहून जातात. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात जोड लावायची ती दोघांची ताकद आणि तयारी पाहून. निवडणुकीत पैशाने आणि साधनांनी बलाढ्य असलेल्या उमेदवारासमोर नवखा उभा राहिला तरी अशी जोड कोणी तपासत नाही. शिवाय चितपट झालेला मल्ल मैदान सोडतो, पण पराभूत पक्षाचे निवडून आलेले सदस्य सभागृहात पाच वर्षे बसून प्रश्न विचारणार असतात. कुस्तीच्या भाषेत त्यांच्यासाठी जागाच नाही, आणि मला हा त्या भाषेचा सर्वांत मोठा तोटा वाटतो.

चौकटीला दुसऱ्या क्षेत्राची गरज नसते. वस्तुस्थिती तीच, शब्दही साधे. फक्त कोणती बाजू उजेडात आणायची हे ठरलेले असते. एमॉस ट्वर्स्की आणि डॅनिएल कानेमन या मानसशास्त्रज्ञांचा 1981 मधला प्रयोग यासाठी नेहमी सांगितला जातो. साथीत 600 लोक दगावण्याची भीती आहे. एका उपायाने 200 जण नक्की वाचतील; दुसऱ्याने सगळे वाचण्याची शक्यता एक तृतीयांश आणि कोणीच न वाचण्याची दोन तृतीयांश. असे विचारल्यावर 72 टक्के लोकांनी खात्रीचा उपाय निवडला. तोच खात्रीचा उपाय ‘400 जण मरतील’ अशा शब्दांत मांडला, तेव्हा 78 टक्के लोक जोखमीच्या उपायाकडे वळले. आकड्यांत काहीच बदल नव्हता आणि रूपक तर कुठेच नव्हते.

पंचगंगेच्या पुराबद्दल आपण कसे बोलतो, त्यात हा फरक स्पष्ट दिसतो. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी आहे. पाणी त्यापुढे गेले की ‘नदीने शहराला वेढा घातला’ अशी वाक्ये येतात. हे रूपक झाले : नदी शत्रू आणि शहर निरपराध. आता 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर रंगलेली चर्चा पाहा. एक बाजू म्हणते, अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळे पाणी तुंबले. दुसरी म्हणते, पूररेषेच्या आत बांधकामे होत गेली. दोन्ही वाक्यांत एकही अलंकार नाही, तरी पहिले वाक्य आपल्याला कर्नाटकाशी चाललेल्या पाणीवादाकडे नेते आणि दुसरे महापालिकेच्या बांधकाम परवान्यांकडे. दोन्ही कारणे एका वेळी विचारात घेता येतात, पण जो पहिले वाक्य आधी ऐकतो त्याला परवान्यांचा प्रश्न सहसा सुचत नाही.

प्रभाव कोणाचा जास्त? 2011 मध्ये पॉल थिबोडो आणि लेरा बोरोडित्स्की यांनी एका शहरातील गुन्हेगारीचे वर्णन काहींना हिंस्र पशू म्हणून, तर काहींना विषाणू म्हणून वाचायला दिले. पशूचे वर्णन वाचणारे पोलिसी कारवाईकडे अधिक झुकले, तर विषाणूचे वाचणारे सामाजिक उपायांकडे. पुढे 2014 मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांना असा परिणाम आढळला नाही, त्यामुळे हा मुद्दा वादाचा राहिला. ‘वाचतील’ की ‘मरतील’ अशा लाभ-तोट्याच्या चौकटीचा परिणाम मात्र अनेकांनी पुन्हा तपासला आणि तो टिकला. माझे मत असे की रूपक निदान ओळखू येते. ‘नदी काय शत्रू आहे का?’ असे कोणीही विचारू शकतो. चौकटीतले वाक्य खरेच असते, म्हणून त्यावर हरकत घ्यायची कुठे हे चटकन सुचत नाही. तिथे तीच माहिती उलट बाजूने मांडून पाहावी लागते.

काही शब्दांत दोन्ही एकत्र नांदतात. शेतकऱ्यांची कर्जमाफी हा तिजोरीवरचा ‘बोजा’ आणि उद्योगांना दिलेली करसवलत हे ‘प्रोत्साहन’, असे आपण बातम्यांत वाचतो. बोजा हे पाठीवरच्या ओझ्याचे रूपक आहे, पण ते इतके झिजले आहे की रूपक म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. आणि दोन्हीकडे सरकारच्याच तिजोरीतली रक्कम कमी होत असताना एकीकडे फक्त खर्च दाखवायचा आणि दुसरीकडे फक्त फायदा, ही झाली चौकट. इथे नुसता ‘बोजा’ शब्द गाळून भागत नाही. ‘खर्च’ लिहिले तरी शेजारी ‘प्रोत्साहन’ तसेच उभे असते.