चार हात लांब ते ‘सोशल डिस्टन्सिंग’

9 मार्च 2020 ला राज्यातले पहिले करोनाबाधित पुण्यात सापडले आणि पंधरवड्याच्या आत ‘सोशल डिस्टन्सिंग’ भाजीवाल्या मावशींच्याही तोंडी बसलं. आमच्या पेठेतल्या वाण्याने दुकानापुढे चुन्याने चौकोन आखले होते. ऊन चढलं की लोक चौकोनात पिशवी ठेवायचे आणि स्वतः समोरच्या ओट्यावर सावलीत घोळका करून बसायचे. डिस्टन्सिंग पिशव्या पाळत होत्या.

मराठीत शब्द नव्हता असं नाही. ‘चार हात लांब राहा’ हे कुणालाही कळतं. घोळ झाला तो शब्दशः भाषांतराने. ‘सामाजिक अंतर राखा’ म्हणजे नेमकं काय राखा? फुले दांपत्याने 1868 मध्ये घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला तो याच गावात. इथे हे तीन शब्द वाचताना कसंसंच होतं.

गंमत अशी, की इंग्रजीतही हा शब्द आधी असल्याच अंतराचा होता. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एमरी बोगार्डस यांनी 1925 मध्ये सात पायऱ्यांची एक मोजपट्टी मांडली: परक्या वंशाचा माणूस सोयरा म्हणून चालेल, शेजारी म्हणून चालेल, की देशातच नको? फुटांचा तिथे संबंध नव्हता. फूट आणले अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी, 1966 मध्ये. त्यांच्या हिशेबात ‘सोशल’ अंतर 4 ते 12 फूट. साथरोगाच्या परिभाषेत शब्द शिरला तो त्यानंतर. 20 मार्च 2020 ला जागतिक आरोग्य संघटनेने ‘फिजिकल’ म्हणा असं सुचवलं. आपल्याकडेही ‘शारीरिक अंतर’, ‘सुरक्षित अंतर’ लिहिलं जाऊ लागलं, पण जिभेला इंग्रजीची सवय झाली होती.

1897 च्या प्लेगातही शब्द इंग्रजीच होता, ‘सेग्रिगेशन’. तेव्हा माणसं घरातून उचलून छावणीत नेत. साथरोगाचा कायदा त्याच सालचा, 2020 मध्ये तोच लागू झाला.

‘अंतर’ हा शब्द आपल्याकडे मोठा चमत्कारिक. अंतर म्हणजे दुरावा आणि अंतर म्हणजे मनही. ‘मला अंतर देऊ नकोस’ यात टाकून दिलं जाण्याची सगळी धास्ती आहे. करोना ओसरला, चुन्याचे चौकोन पावसात गेले. शब्दातला ‘सोशल’ही गळाला. परवा बसमध्ये मागच्या सीटवरची मुलगी मैत्रिणीला सांगत होती, “काही झालं नाही गं, तो हल्ली डिस्टन्स ठेवतो.”