कोरड्या घळींनी घडवलेले रॅपिड

ॲरिझोनातल्या लीज फेरीहून राफ्ट कोलोरॅडो नदीत सोडली की पुढचे सुमारे ३६० किलोमीटर, थेट डायमंड क्रीकपर्यंत, ती बाहेर काढायला मोटाररस्ता नाही. वल्ह्यांच्या राफ्टला एवढं अंतर जायला दोन आठवडे किंवा त्याहून जास्त लागतात. ग्रँड कॅन्यनमधला हा प्रवास प्रसिद्ध आहे तो खवळलेल्या पाण्यासाठी, म्हणजे रॅपिडांसाठी. प्रत्यक्षात मात्र बहुतेक वेळ राफ्ट संथ पाण्यावरून वाहत असते. जलशास्त्रज्ञ लूना लिओपोल्ड यांनी १९६९ मध्ये याचा हिशेब मांडला. या दरीत नदी एकूण जितकी खाली उतरते, त्यातला निम्मा उतार तिच्या लांबीच्या फक्त ९ टक्के भागात उरकतो.

हे जरा विचित्रच आहे. लाखो वर्षं खडक कापत आलेल्या नदीचा तळ एव्हाना एकसारखा व्हायला हवा होता. उतार असा मधूनच तुटका का?

भूशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल १८६९ मध्ये तीन लाकडी होड्या घेऊन या दरीत उतरले. काठावर कठीण खडक दिसू लागला की पुढे पाणी खवळणार, अशी त्यांची धास्ती होती. ती अगदीच निराधार नव्हती, कारण कठीण खडकात पात्र खरंच अरुंद होतं. पण नकाशावर रॅपिडांवर खुणा करत गेलं की दुसरीच गोष्ट दिसते. जवळजवळ प्रत्येक रॅपिड एखाद्या बाजूच्या घळीच्या तोंडाशी आहे. आणि यातल्या बहुतेक घळी वर्षातले बरेचसे दिवस ठणठणीत कोरड्या असतात. या नदीचे रॅपिड नदीने घडवलेले नाहीत, ते वाळवंटाने तिच्यात आणून टाकले आहेत. मला या दरीबद्दलची ही सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते.

हे कसं होतं? वाळवंटातल्या उघड्या उतारांवर पाणी धरून ठेवायला झाडोरा नाही, मातीचा जाड थर नाही. जुलै ते सप्टेंबरमध्ये वादळी पाऊस कोसळतो तेव्हा पाणी सरळ कड्यांवरून खाली येतं. कड्यांमध्ये चुनखडक आणि वालुकाश्मांच्या मध्ये शेलचे, म्हणजे चिकणमातीपासून बनलेल्या मऊ खडकाचे, थर आहेत. ते ढासळतात, त्यातली चिकणमाती पाण्यात कालवली जाते आणि घळीतून पाण्याऐवजी दगडमातीचा लोंढा धावू लागतो. या लोंढ्याची घनता पाण्याच्या जवळपास दुप्पट असू शकते. दगडाची घनता पाण्याच्या अडीचपटीहून थोडी जास्त. त्यामुळे साध्या पाण्यात बुडालेल्या दगडाचं जितकं वजन उरतं, त्याच्या निम्म्याहूनही कमी वजन या चिखलात उरतं. खोलीएवढाल्या शिळा वाहून येतात त्या यामुळे. काही मिनिटांत त्या नदीच्या पात्रात पंख्यासारख्या पसरतात. नदीला वाट उरते ती पंख्याच्या टोकाला, समोरच्या कड्याला चिकटून. पंख्याच्या वर पाणी तुंबून संथ डोह होतो आणि तुंबलेली सगळी उंची त्या चिंचोळ्या वाटेने एकदम खाली उतरते. लिओपोल्ड यांच्या तुटक्या उताराचं कोडं इथे सुटतं.

क्रिस्टल हा रॅपिड तर माणसांच्या डोळ्यांदेखत मोठा झाला. डिसेंबर १९६६ पर्यंत तिथलं पाणी राफ्टवाल्यांना फारसं छळत नसे. त्या महिन्यातल्या जोरदार पावसाने क्रिस्टल क्रीकमधून असा लोंढा आला की नदीची रुंदी वरच्या डोहाच्या साधारण पाव उरली. दरीतल्या जुन्या रॅपिडांमध्ये ती साधारण निम्मी असते. मग आलं १९८३. वरच्या पर्वतांतला बर्फ झपाट्याने वितळला, लीज फेरीच्या वरचं ग्लेन कॅन्यन धरण काठोकाठ भरलं आणि जूनअखेरीस सेकंदाला २,६०० घनमीटरहून जास्त पाणी सोडावं लागलं. क्रिस्टलमध्ये पाच मीटरहून उंच लाट उभी राहिली. मोठमोठ्या मोटार-राफ्ट तिने उलथवल्या, एका प्रवाशाचा जीव गेला.

अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेच्या सुझन कीफर यांनी या लाटेचा अभ्यास केला. त्यांनी दाखवलं की ती पाण्याखालच्या एखाद्या मोठ्या शिळेवरची लाट नव्हती, ती हायड्रॉलिक जम्प होती. उथळ पाण्यावरून लाट किती वेगाने जाऊ शकते हे पाण्याच्या खोलीवर ठरतं. तीन मीटर खोल पाण्यात हा वेग सेकंदाला साधारण ५.४ मीटर असतो. पाणी स्वतःच त्याहून जोरात वाहू लागलं, तर खालच्या अडथळ्याची चाहूल वर पोचूच शकत नाही, कारण ती वर नेणारी लाटच मागे रेटली जाते. असं पाणी पुढच्या रुंद, संथ पात्रात शिरतं तेव्हा त्याला हळूहळू मंदावता येत नाही. ते एका जागी एकदम उसळतं आणि तिथेच फेसाळत राहतं. नळाची धार बेसिनमध्ये पडल्यावर पाणी आधी पातळ, गुळगुळीत पसरतं आणि मग गोल कड्याशी अचानक जाड होतं, ते कडं म्हणजे हीच घटना. समुद्रात लाट पुढे जाते आणि पाणी जवळपास जागच्या जागी हलतं. इथे पाणी धावत राहतं आणि लाट जागची हलत नाही.

राफ्ट चालवणाऱ्याला हे गणित पाण्याच्या रूपावरून वाचावं लागतं. रॅपिडच्या तोंडाशी इंग्रजी व्ही अक्षरासारखी काळी, गुळगुळीत जीभ दिसते. सगळ्यात खोल आणि वेगवान पाणी तिथे असतं. जिभेच्या दोन्ही कडांनी तिरक्या लाटा आत वळतात आणि राफ्टचं तोंड फिरवतात. बुडालेल्या शिळेमागे पाणी खड्ड्यात पडून उलटं फिरतं. तिथला पांढरा फेस दिसायला मऊ, पण त्यात हवा मिसळलेली असल्याने तो राफ्टला आणि माणसाला साध्या पाण्याइतकं उचलून धरत नाही. पॉवेल यांचे वल्हेकरी रॅपिडकडे पाठ करून वल्हवत. १८९० च्या दशकात नथॅनियल गॅलोवे या नावाड्याने होडी फिरवली, धोक्याकडे तोंड केलं आणि वल्ही मागे ओढायला सुरुवात केली. त्यामुळे होडी पाण्यापेक्षा हळू जाते, विचार करायला क्षण मिळतात आणि तिरकी धरून ती आडवी सरकवता येते. वल्ह्यांच्या राफ्ट आजही याच तत्त्वावर चालवतात.

दरीच्या तळाशी उन्हाळ्यात हवा ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, तर धरणाच्या खोल थरातून सोडलेलं पाणी अनेक दशकं ८ ते १० अंशांच्या आसपास असायचं. जलाशय खालावला की वरचं कोमट पाणी येऊ लागतं, तसं अलीकडे झालंही आहे. पण थंड पाण्यात अचानक पडलेल्या माणसाचा श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, आणि तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर लाइफ जॅकेट घातलेला माणूसही गुदमरू शकतो. थोड्याच मिनिटांत बोटांमधली पकड जाते.

धरणाची खूण मुक्कामाच्या जागीही दिसते. विजेच्या मागणीनुसार पाणी कमी-जास्त सोडतात आणि समुद्र शेकडो किलोमीटर दूर असूनही इथे भरती-ओहोटी येते. संध्याकाळी पाण्यात बांधलेली राफ्ट सकाळी वाळूवर बसलेली सापडू शकते. ती वाळूही धरणाखाली आता दुर्मीळ झाली आहे. रॅपिडखाली पात्र रुंद होतं तिथे काठालगत पाणी उलटं फिरतं, मंदावतं आणि वाळू टाकतं. मुक्कामाचे किनारे असे तयार होतात. पण १९६३ पासून वरची बहुतेक सगळी वाळू धरणामागे अडकली आहे. आता मुख्य पुरवठा पारिया आणि लिटल कोलोरॅडो या उपनद्यांचा. त्यांनी आणलेली वाळू तळातून उचलून काठावर टाकता यावी म्हणून १९९६ मध्ये आठवडाभर सेकंदाला सुमारे १,२७० घनमीटर पाणी मुद्दाम सोडलं. त्यानंतरही असे प्रयोग अनेकदा झाले. किनारे वाढतात, मग रोजच्या चढउताराने पुन्हा झिजतात. तरीही हे प्रयोग चालू ठेवायला हवेत असं मला ठामपणे वाटतं, कारण या किनाऱ्यांना दुसरा आधार उरलेला नाही.

शिळांचं गणित मात्र वाळूसारखं सुटत नाही. १८८९-९० मध्ये रॉबर्ट स्टँटन यांनी नदीकाठाने रेल्वे नेण्याच्या पाहणीसाठी दरीची शेकडो छायाचित्रं काढली. रेल्वे झाली नाही, छायाचित्रं राहिली. शंभर वर्षांनी भूशास्त्रज्ञ रॉबर्ट वेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच जागी उभं राहून ती पुन्हा काढली. कित्येक घळींच्या तोंडाशी नवे लोंढे येऊन गेलेले दिसले, तर इतर ठिकाणी तेच दगड शतकभर जागचे हललेले नव्हते. लाव्हा फॉल्स या रॅपिडमध्ये मार्च १९९५ मध्ये असाच नवा लोंढा पडला. १९९६ च्या पाण्याने त्याची कड खाल्ली, पात्र थोडं रुंद केलं. पण ते पाणी १९२१ च्या पुराच्या जेमतेम पाव होतं. त्या वर्षी लीज फेरीला सेकंदाला ४,८०० घनमीटर पाणी वाहिलं होतं.

१९८३ च्या पुराने क्रिस्टलची वाट वरच्या पात्राच्या पावावरून सुमारे ४० टक्क्यांपर्यंत उघडली. जुन्या रॅपिडांसारखी ती निम्मी व्हायला कीफर यांच्या हिशेबाने सेकंदाला सुमारे ११,००० घनमीटरचा पूर लागेल. धरण उभं असेपर्यंत तसा पूर इथे येणार नाही. घळींमध्ये पाऊस मात्र पूर्वीसारखाच कोसळतो आहे, शिळा पूर्वीसारख्याच नदीत येऊन पडत आहेत. पुढच्या काळात इथले डोह अधिक लांब होतील आणि रॅपिड अधिक तीव्र.