कथा (शब्द)

कथा : ‘कथ्’ म्हणजे सांगणे, बोलणे या संस्कृत धातूपासून आलेले स्त्रीलिंगी नाम. मराठीत या शब्दाने प्रथम गोष्ट आठवते. परंतु त्याचा मूळ आशय बोलणे हाच असून गोष्ट ही त्याची एक शाखा होय. कालिदासाच्या शाकुंतलातील ‘का कथा बाणसन्धाने’ (बाण जोडण्याची तर बातच काय) या वचनात बोलण्याचाच अर्थ आहे आणि ‘तिथे मोठमोठे थकले, मग आपली काय कथा!’ या रोजच्या मराठी प्रयोगात तो आजही जिवंत आहे.

शास्त्रग्रंथांनी या शब्दाला वेगवेगळ्या मर्यादा घातल्या. न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेत, कथा म्हणजे शास्त्रीय चर्चा असून वाद (सत्य शोधण्यासाठी केलेली), जल्प (जिंकण्यासाठी केलेली) आणि वितंडा (स्वतःचा पक्ष न मांडता केवळ खंडन करणारी) हे तिचे तीन प्रकार मानले जातात. अमरकोश या संस्कृत शब्दकोशाने मात्र ‘प्रबन्धकल्पना कथा’ असे म्हणून कल्पित रचनेला कथा आणि ज्ञात वृत्तांतावर आधारलेल्या रचनेला आख्यायिका ठरवले. बाणभट्टाचे ‘हर्षचरित’ ही आख्यायिका, तर ‘कादंबरी’ ही कथा. या दुसऱ्या ग्रंथाचे नाव पुढे मराठीत व कन्नडमध्ये एका संपूर्ण वाङ्मयप्रकाराला मिळाले, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

बंगालीत ‘कथा’ (उच्चार ‘कॉथा’) म्हणजे शब्द, बोलणे किंवा दिलेले वचन. गोष्टीसाठी तेथे ‘गल्प’ हा शब्द रूढ असून कथेचा तो अर्थ ‘रूपकथा’सारख्या सामासिक शब्दांत उरला आहे. असमिया व ओडियातही बोलण्याचाच अर्थ प्रबळ आहे. सिंहलीत बोलणे आणि गोष्ट हे दोन्ही अर्थ नांदतात. मलय व इंडोनेशियन भाषांत ‘काता’ म्हणजे शब्द. याउलट तमिळमधील ‘कदै’, तेलुगूतील ‘कथ’ आणि मल्याळममधील ‘कथा’ हे शब्द प्रामुख्याने गोष्टीचे वाचक आहेत. ‘कथकळी’ या नावाचा अर्थच कथेचा खेळ असा होतो. गुरुद्वारांत गुरुबाणीच्या, म्हणजे शीख गुरूंच्या वचनांच्या, विवरणाला कथा म्हणतात.

महाराष्ट्रात हरिकथा कीर्तनाशी एकरूप झाली. नारदीय कीर्तनाच्या पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान असते, म्हणजे शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच बैठकीत येतात. तंजावरच्या मराठी राजवटीत ही परंपरा तमिळ प्रदेशात रुजली आणि तेथील हरिकथेने साकी, दिंडी, ओवी व अभंग हे मराठी रचनाप्रकार आपलेसे केले. ‘कहाणी’ हा शब्दही याच धातूच्या कुळातला असून तो प्राकृताच्या वाटेने मराठीत आला; श्रावणातील व्रतांच्या कहाण्यांनी त्याला स्वतंत्र, घरगुती स्थान दिले.