शंभर वर्षांनंतरचे दहा लाख

आजपासून बरोबर 100 वर्षांनी समुद्र चढून 10 लाख डॉलरचं नुकसान होणार आहे, असं समजू. ते टाळण्यासाठी आज जास्तीत जास्त किती खर्च करावा? निकोलस स्टर्न यांच्या पद्धतीनं हिशेब केला तर उत्तर येतं सुमारे अडीच लाख डॉलर. विल्यम नॉर्डहाउस यांच्या पद्धतीनं केला तर पावणेपाच हजारांच्या आसपास. दोघंही नावाजलेले अर्थशास्त्रज्ञ. पृथ्वी तापते आहे आणि ती माणसामुळे तापते आहे, याबद्दल दोघांत वाद नाही. मग पन्नासपटीहून अधिक फरक आला कुठून? एका टक्केवारीतून. भाषणात तिचा उल्लेख बहुधा होत नाही, अहवालात ती आतल्या पानांवर असते.

ती टक्केवारी म्हणजे वटाव दर. वाणिज्य शाखेत शिकलेल्यांना रोख वटाव आणि व्यापारी वटाव आठवत असतील, शब्द तोच. चक्रवाढ व्याज उलटं चालवायचं, एवढंच. 5 टक्क्यांनी आजचे 100 वर्षभरात 105 होतात, म्हणून पुढच्या वर्षीचे 105 आजच्या 100च्या बरोबरीचे. वर्षभराच्या व्यवहारात यात कुणाला काही खटकत नाही. खटकायला शतक लागतं. शंभर वर्षांनंतरचे 100 हे 1 टक्का दरानं आजचे 37 ठरतात, 4 टक्क्यांनी 2, आणि 7 टक्क्यांनी जेमतेम 12 पैशांएवढे.

या हिशेबाची बैठक घालून दिली फ्रँक रॅम्झी या केंब्रिजच्या गणितज्ञानं, 1928 साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी. देशानं किती बचत करावी, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. पुढच्या पिढ्यांचं सुख केवळ पुढचं आहे म्हणून कमी मोजणं नैतिकदृष्ट्या समर्थनीय नाही, तो कल्पनाशक्तीचा दुबळेपणा आहे, असं त्यांनी त्याच लेखात बजावलं. त्यानंतर जेमतेम वर्षभरानं ते वारले. त्यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या सूत्रात मात्र वटावाची दोन कारणं शेजारी शेजारी बसली आहेत. एक, आपला उतावीळपणा, म्हणजे पुढचं सुख केवळ पुढचं म्हणून कमी मोजणं. दुसरं जास्त सभ्य आहे: पुढचे लोक आपल्यापेक्षा श्रीमंत असतील, आणि श्रीमंताला मिळालेल्या एका डॉलरचं मोल गरिबाला मिळालेल्या डॉलरपेक्षा कमी.

ब्रिटिश सरकारसाठी 2006 साली केलेल्या अहवालात स्टर्न यांनी उतावीळपणाला फक्त 0.1 टक्का दिला, तोही एखाद्या आपत्तीत मानवजातच नाहीशी होईल या शक्यतेपोटी. लोक दरवर्षी श्रीमंत होत जातील, त्या वाढीचे 1.3 टक्के मिळवून दर झाला 1.4. नॉर्डहाउस यांनी उतावीळपणाला 1.5 टक्के दिले, वाढ 2 टक्के धरली आणि श्रीमंतीमुळे घटणाऱ्या मोलाला स्टर्न यांच्या दुप्पट वजन दिलं. दीड अधिक दोन दुणे चार, असा दर गेला 5.5 वर. त्यांचं म्हणणं असं, की दर आपल्या मनानं ठरवू नका, बाजाराकडे बघा. पैसे दुसरीकडे गुंतवून जास्त परतावा मिळत असेल तर तीच गुंतवणूक करून नातवंडांना ती रक्कम देणं अधिक शहाणपणाचं. मला यातली एक गोष्ट पटत नाही: ती रक्कम नातवंडांसाठी राखून ठेवणार कोण? शंभर वर्षं न फोडता ठेवलेली अशी गंगाजळी प्रत्यक्षात कुठे नसते. पण नॉर्डहाउस यांना मोडीत काढता येत नाही. हवामानबदलाला अर्थव्यवस्थेच्या प्रतिमानात, म्हणजे गणिती मॉडेलमध्ये, बसवण्याच्या कामासाठीच 2018 साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

स्टर्न यांच्यावरची मला सर्वांत अडचणीची वाटणारी टीका केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पार्थ दासगुप्ता यांनी केली, आणि ती उलट्या बाजूनं आली. उतावीळपणाला जवळपास शून्य देणं त्यांनाही मान्य होतं. पण दुसऱ्या कारणाला एवढं कमी वजन देणं म्हणजे श्रीमंत आणि गरीब यांच्यातल्या फरकाबद्दल बेफिकीर राहणं, असं त्यांनी दाखवून दिलं. स्टर्न यांचे आकडे एका साध्या प्रतिमानात घातले तर आजच्या पिढीनं उत्पन्नाचा 97.5 टक्के भाग भावी पिढ्यांसाठी बाजूला टाकावा, असं उत्तर येतं! उद्याच्या माणसावर दया करता करता आजच्या गरिबाचं ताट ओढून घेतलं जातं. पुढचे लोक श्रीमंत असतील हे गृहीतही कच्चंच आहे म्हणा. तापमानवाढीनं ते आपल्यापेक्षा गरीब झाले, तर सूत्राचा तो भाग ऋण होतो आणि भविष्यातला डॉलर आजच्यापेक्षा मोलाचा ठरू शकतो.

मग खरा दर कोणता? हार्वर्डच्या मार्टिन वाइट्झमन यांनी हा प्रश्न दोन हजारांहून अधिक अर्थशास्त्रज्ञांना विचारला. सरासरी उत्तर 4 टक्क्यांच्या आसपास आलं, पण मतं चांगलीच विखुरलेली होती. वाइट्झमन यांनी त्या विखुरण्यातूनच मार्ग काढला. समजा, दर 1 टक्का की 7 टक्के, हे अजिबात ठरत नाही, शक्यता निम्मी-निम्मी. सरासरी 4 धरून मोकळं व्हावंसं वाटतं, आणि मग शंभर वर्षांनंतरचे 100 आजचे 2 ठरतात. पण सरासरी दराची काढायची नाही, उरणाऱ्या मोलाची काढायची. पहिल्या शक्यतेत उरतात 37, दुसरीत जवळपास काहीच नाही, सरासरी साडेअठरा. म्हणजे प्रत्यक्षात लागू झालेला दर 1.7 टक्के! काळ लांबवत गेलं की मोठा दर स्वतःलाच पुसून टाकतो आणि हिशेबात फक्त लहान दर उरतो. नेमकं माहीत नसणंच भविष्याचं वजन वाढवतं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कागद घेऊन पडताळून पाहिलं होतं.

ब्रिटिश अर्थखात्याच्या 2003च्या मार्गदर्शिकेनं ही कल्पना उचलली: पहिली 30 वर्षं 3.5 टक्के, मग पायऱ्यापायऱ्यांनी उतरत 300 वर्षांपलीकडे 1 टक्का. या विषयावर लिहिणाऱ्या सुमारे 200 तज्ज्ञांची पाहणी 2018 साली प्रसिद्ध झाली, तिच्यात तीन-चतुर्थांशांहून अधिक जणांना 2 टक्के चालण्यासारखे वाटले. त्या दरानं सुरुवातीच्या 10 लाखांचं उत्तर 1 लाख 38 हजार. स्टर्न यांच्याजवळचं, नॉर्डहाउस यांच्यापासून बरंच लांब.

कंपन्यांमध्ये हा वाद फारसा पोचलेला दिसत नाही, तिथे नजर जवळच्या नफ्यावर असते. अमेरिकेतल्या 401 वित्त अधिकाऱ्यांच्या 2005 साली छापून आलेल्या एका पाहणीत 78 टक्के जणांनी कबूल केलं होतं, की नफ्याचे आकडे चढउतारांशिवाय गुळगुळीत दिसावेत म्हणून आपण कंपनीच्या खऱ्या मूल्यावर पाणी सोडू. प्रकल्पांना 10 टक्के वटाव दर लावणं तिथे मुळीच जगावेगळं नाही. एखाद्या कंपनीच्या शाश्वतता अहवालात 2050 सालची उद्दिष्टं मोठ्या टायपात छापलेली असतात. तिच्याच वित्त विभागानं हा दर वापरला, तर पंचवीस वर्षांनंतरचे 100 त्याच्या तक्त्यात 9 असतात.