कचरागाडी कधी यावी, हे माशीला विचारा

नगरपालिका कचरा उचलण्याची पद्धत बदलायचं ठरवते, तेव्हा वाद बहुतेक डब्यांवर होतो. किती डबे, कोणते रंग, ते ठेवायचे कुठे. पण गाडी किती दिवसांनी यावी आणि कशात काय मिसळू नये, याची बरीचशी उत्तरं जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र आधीच देऊन बसलेलं असतं.

घरमाशीचंच पाहा. ओल्या कचऱ्यावर तिने घातलेल्या अंड्यांतून उबदार हवेत एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर पडतात. चार-पाच दिवस खाऊन त्या टम्म फुगतात आणि मग कोरडी जागा शोधत डब्याबाहेर सरपटू लागतात, कारण कोश त्यांना कोरड्यात करायचा असतो. अंड्यापासून उडत्या माशीपर्यंतचा सगळा प्रवास ७ ते १० दिवसांत उरकतो. म्हणजे ओला कचरा आठवड्याहून जास्त पडून राहिला, तर माश्यांची नवी पिढी तिथेच तयार होते. उष्ण हवामानात तर आठवडासुद्धा लांबचा, कारण अळ्या त्याआधीच डबा सोडून गेलेल्या असतात. खर्च वाचवायला फेऱ्या कमी करायच्याच असतील, तर त्या सुक्या कचऱ्याच्या कराव्यात. ओल्याच्या करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

इंग्लंडमध्ये बऱ्याच कौन्सिलांनी (तिथल्या नगरपालिकांनी) उरलेला मिश्र कचरा पंधरा दिवसांनी उचलायला सुरुवात केली. तिथल्या नव्या नियमांनी मात्र अन्नकचरा वेगळा आणि दर आठवड्याला उचलण्यासाठी ३१ मार्च २०२६ ही मुदत ठरवली, काही कौन्सिलांना सवलत देऊन. दक्षिण कोरियाने तर २००५ सालीच अन्नकचरा थेट भरावभूमीत, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागेत, टाकायला बंदी घातली.

भरावभूमीतल्या अन्नकचऱ्याची एक मोठी अडचण म्हणजे मिथेन वायू. भरावभूमीत कचरा दाबला जातो, वर मातीचा थर पडतो आणि आतला प्राणवायू संपतो. मग प्राणवायूशिवाय जगणारे सूक्ष्मजीव कामाला लागतात. आधीचे जिवाणू स्टार्च आणि प्रथिनं फोडून आम्लं बनवतात, शेवटचे त्यांतून मिथेन काढतात. वीस वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता धरून ठेवतो. हेच जीव बंद टाकीत, ३५ ते ४० अंश सेल्सिअसला, नेमकं हेच काम करतात. फक्त तिथे वायू नळीतून हाती येतो आणि इंधन म्हणून वापरता येतो. टाकीत प्लॅस्टिकच्या पिशव्या गेल्या, तर त्या पंपात नि ढवळणीत गुंडाळल्या जातात. वेगळ्या डब्याचा आग्रह त्यासाठी.

सुक्या कचऱ्यात मात्र एका वस्तूमुळे दुसरी कशी वाया जाते, हे जवळून बघण्यासारखं आहे. कागद पाण्यात घुसळून त्याचा लगदा करतात. वाळताना तंतू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी चिकटतात, तोच नव्या कागदाचा पाया. तेल लागलेले तंतू नीट चिकटत नाहीत, तयार कागदावर डाग उमटतात. तसंही दर फेरीला तंतू आखूड होत जातात आणि पाच-सात फेऱ्यांनंतर ते निकामी होतात. पाण्याच्या बाटल्यांचं प्लॅस्टिक, म्हणजे पीईटी, साधारण २५० अंशांच्या पुढे वितळतं. त्यात पीव्हीसीचे, म्हणजे पाइपांच्या प्लॅस्टिकचे, थोडे तुकडे जरी आले, तरी त्या तापमानाला ते टिकत नाहीत. त्यांतून हायड्रोजन क्लोराइड सुटतो, आणि तो पीईटीच्या लांब साखळ्या तोडतो. माल पिवळा पडतो, ठिसूळ होतो.

वर्गीकरण केंद्रातली यंत्रं हुशार असतात, यात शंका नाही. चुंबक लोखंड ओढून घेतो. फिरत्या चुंबकांमुळे ॲल्युमिनिअममध्ये विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि डबा पट्ट्यावरून चक्क उडी मारून बाजूला पडतो. अवरक्त प्रकाश प्लॅस्टिकचे प्रकार ओळखतो. पण काजळी मिसळलेलं काळं प्लॅस्टिक तो प्रकाश गिळून टाकतं, आणि यंत्राच्या लेखी ती वस्तू तिथे नसतेच. दुधात पडलेली साखर जशी परत वेचता येत नाही, तशीच पुठ्ठ्यात मुरलेली आमटीही कोणत्याच यंत्राला काढता येत नाही.

बॅटरीचा मुद्दा वेगळा आणि तातडीचा आहे. कचरागाडीत दाबयंत्र असतं. त्याखाली लिथियम-आयन बॅटरी चेपली, की आतले दोन ध्रुव एकमेकांना टेकतात, उष्णता वाढत जाते आणि आजूबाजूचा कागद पेटतो. गाडीवरच्या कामगारांचा जीव त्यात धोक्यात येतो. म्हणून नव्या योजनेत बॅटरी जमा करायची सोय पहिल्या दिवसापासून हवी, 'पुढच्या टप्प्यात' नको.

नवी पद्धत यशस्वी झाली की नाही, हे मोजताना गोळा झालेल्या टनांचा आकडा फसवा ठरतो. वर्गीकरण केंद्राने त्यातलं किती नाकारलं, हा आकडा खरा. २०१८मध्ये चीनने आयात रद्दी आणि बहुतेक भंगारात परक्या पदार्थांची मर्यादा ०.५ टक्क्यावर आणली, तेव्हा अनेक देशांचा 'पुनर्वापरासाठी' पाठवलेला माल त्यात बसेना. त्यामुळे योजना आखण्याआधी काही वस्त्यांतला कचरा प्रत्यक्ष ओतून, वेगळा करून तोलावा, आणि तोही एकदा उन्हाळ्यात नि एकदा पावसाळ्यात. भिजलेल्या पुठ्ठ्याचं वजन इतकं वाढतं, की एकाच मोसमाच्या आकड्यांवर गाड्या ठरवल्या तर हिशेब हमखास चुकतो.