बधिर पायाची जखम : वडाळ्यापासून शुगरच्या ओपीडीपर्यंत

महिनोन्‌महिने न भरणारी जखम म्हटली की मुंबईत पहिला प्रश्न येतो, ‘शुगर किती?’ घोट्याजवळ फुगलेल्या शिरांमुळे (व्हेरिकोज) पडणाऱ्या आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठीवरच्या जखमाही याच कुळातल्या. तळपायाच्या जखमेवरचा खरा उपचार मात्र मधुमेहाच्या आधी कुष्ठरोगाने शिकवला.

जखमेसाठी सुश्रुताने सांगितलेले साठ उपक्रम आणि मध-तूप सर्वांना ठाऊक आहे. वडाळ्याचं कुष्ठालय १८९० सालचं. तेव्हा जखम धुवायची आणि पट्टी बांधायची, यापलीकडे हाती फारसं काही नव्हतं. पुढे सल्फोनच्या गोळ्या आल्या, जंतू आटोक्यात आले, तळवे मात्र फाटतच राहिले. १९५०च्या दशकात दक्षिणेतल्या शल्यचिकित्सकांनी कारण दाखवून दिलं : पायाला दुखणं कळत नाही, म्हणून एकच जागा रोज चेंगरते आणि मांस मरतं. उपाय म्हणजे गुडघ्याखाली प्लास्टर, त्याने दाब सगळ्या पायावर वाटला जातो. जखम भरली की मऊ मायक्रोसेल्युलर रबराची, म्हणजे एमसीआर, चप्पल. ही विद्या अमेरिकेत गेली आणि मधुमेही पायासाठी भारी इंग्रजी नाव लावून आपल्याकडे परत आली.

वाद आहे तो नंतरच्या निर्णयाचा : कुष्ठरोगाचा कोर्स आखडण्याचा आणि वेगळी यंत्रणा आवरण्याचा. १९८०च्या दशकात बहुविध औषधोपचार, म्हणजे एकाच वेळी अनेक औषधं, सुरू झाले. १९९७-९८च्या सुमारास जास्त जंतू असलेल्या रुग्णांचा कोर्स २४ महिन्यांवरून १२ महिन्यांवर आणला गेला. रुग्णसंख्येत फक्त औषध चालू असलेले मोजले जातात. कोर्स निम्मा केल्यावर आकडा खाली येणारच होता. नव्या शतकाच्या सुरुवातीला कुष्ठरोगाची वेगळी यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळली आणि डिसेंबर २००५ मध्ये दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, असं उद्दिष्ट गाठल्याचं जाहीर झालं. वेगळा दवाखाना गेला की कलंकही जाईल, घराजवळ औषध मिळेल, हे समर्थकांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पण त्यानंतरही कित्येक वर्षं देशात दरवर्षी लाखावर नवे रुग्ण सापडत राहिले. आणि कोर्स पूर्ण झालेल्या, पाय बधिर असलेल्या माणसाचं ड्रेसिंग कोणी करायचं, याचं उत्तर कोणत्याच तक्त्यात नव्हतं. जखम हाताने ओळखणारा अनुभवी माणूस मलेरिया-पोलिओच्या कामाला जुंपला की ती नजर जाते.

त्याच वर्षांत मधुमेह वाढला. नव्वदीच्या मध्यावर परदेशात व्हॅक मशिन आलं, पाऱ्याच्या १२५ मिलिमीटर ऋणदाबाने जखमेतला स्राव ओढून घेणारं. परवडत नाही तिथे वॉर्डात स्पंजचा तुकडा, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात घालायची नळी), वर चिकट पारदर्शक फिल्म आणि भिंतीतलं सक्शन, एवढ्यावर काम भागवलं जातं. ओलसर ठेवलेली जखम लवकर भरते, हे १९६२ मध्येच डुकरांवरच्या प्रयोगात दिसलं होतं. आपल्याकडे ‘उघडी ठेवा, वारा लागू द्या’ अजून सुटलेलं नाही.

प्लास्टर मात्र मागे पडलं. स्टेशनचा पूल, चाळीचा तिसरा मजला आणि उभ्याने करायची नोकरी असेल तर सहा आठवडे पाय बांधून कोण बसणार? काळ्या एमसीआर चपलेलाही लोक नकार देतात, कारण जुन्या माणसांना ती कोणाच्या पायात असायची ते आठवतं. तोच रबर रंगीत पट्टे लावून ‘डायबेटिक चप्पल’ म्हणून दुकानात ठेवला की खपतो.