नेच्याच्या पानामागचे ठिपके हा रोग नव्हे
दगडी गडग्यावरचा नेचा (फर्न) परसात लावताना पानामागे तपकिरी ठिपके दिसले, तर तो रोग समजून ती पाने खुडावीत, असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. शंका येणे स्वाभाविकच आहे. परंतु नेच्याला फुले-बिया येत नाहीत, तो बीजाणूंपासून, म्हणजे धुळीसारख्या बारीक प्रजननकणांपासून वाढतो, आणि हे ठिपके बहुधा बीजाणूंच्या पिशव्यांचे पुंजके असतात. रोगाचे डाग वेडेवाकडे पसरतात. हे मात्र शिरांलगत किंवा कडेने, मापून लावल्यासारखे ओळीत असतात. असे पान ठिपके खाली करून पांढऱ्या कागदावर रात्रभर ठेवावे. पुंजके पिकलेले असल्यास सकाळी कागदावर त्याच नक्षीत बारीक भुकटी उतरलेली दिसते. रोप दगावते ते अनेकदा आडवे खोड खोल पुरल्यामुळे; ते पावसाळ्यात, मुळांच्या मातीसह, पृष्ठभागालगतच लावावे.